खिडकीमागच्या फळ्या

खिडकीतला एसी जितका वाढवावा, तितकी म्हाताऱ्या मर्लची गांजाच्या रोपांची खोली आणखीच तापायची. यंत्र दोनदा बदलून झालं. फुलावर आलेली रोपं माना टाकू लागली. मर्लचं डोकं चालेना, तेव्हा त्याची मुलगी डोरीन घराबाहेर जाऊन बघून आली.

"बाबा, एसीच्या पाठीवर बाहेरून फळ्या कुणी ठोकल्या? गरम हवा परत आतच येतेय!"

"मीच. नाहीतर रस्त्यावरून दिसेल ना."

"दिसू दे की! आपल्या ओरेगॉन राज्यात घरी गांजा लावायला कायद्याने परवानगी मिळून दहा वर्षं झाली."

"माहितीये गं. परवा शेजारचा पोलीसच आला होता. दोन रोपं मिळतील का म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, कसली रोपं?"