शेवटच्या सतरंजीवरून

“चष्मा घालणं म्हणजे येशूवर अविश्वास,” पास्टर म्हणायचे. शहरात प्लेगची साथ आली त्या वर्षापासून दर रविवारी ते माझ्या डोळ्यांवर हात ठेवायचे आणि मी सगळ्यांसमोर साक्ष द्यायचे, “दिसायला लागलं!” खोटं होतं सगळं, गोडादऱ्यातल्या कापडाच्या कारखान्यात मला मागावरचा तुटलेला धागाही दिसत नव्हता. काल गुपचूप चष्मा करून आणला. आज सभेत शेवटच्या सतरंजीवर आईशेजारी बसून तो डोळ्यांवर चढवला. अगं बाई! खिडकीबाहेरच्या कडुनिंबाला सुटी सुटी पानं होती! पुढे पाहिलं तर पास्टर बायबल वाचत होते, नाकावर चष्मा लावून. “आई, तुला माहीत होतं?” “ते फक्त वाचताना लावतात गं,” आई कुजबुजली. मला हसूच फुटलं. “आजपासून मी ख्रिस्ती नाही,” मी म्हणाले आणि उठले. दारातल्या ढिगातून माझ्या चपला आईच शोधून द्यायची. आज त्या लांबूनच दिसल्या.