भरवशाचं नाव

नवीन औषधाच्या तिसऱ्या दिवशी आईचे डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी डॉक्टरला वॉर्डाच्या दारातच गाठलं. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

"एवढा डोस कुठून काढलास?"

"शोधनिबंध आहे मॅडम. खुलं जर्नल आहे, कोणालाही वाचता येतं."

"हल्ली ऊठसूट कोणीही जर्नल काढतं! छापण्याआधी निबंध कोणी तपासला तरी होता का?"

"तुम्हीच शिकवलंत ना, आधी संपादक मंडळ बघायचं, भरवशाचं नाव दिसलं तरच पुढे वाचायचं. मी तेच केलं."

त्याने मोबाइल पुढे धरला. मंडळात पहिलंच नाव बाईंचं होतं, शेजारी हसरा फोटो. चार वर्षांपूर्वी 'परम आदरणीय विदुषी' अशी सुरुवात असलेल्या, मंडळावर येण्याचं आमंत्रण देणाऱ्या एका ईमेलला त्यांनी आनंदाने होकार कळवला होता. त्यानंतर तपासायला एकही निबंध आला नाही, आणि बाईंनीही कधी विचारलं नाही.

आतून आईचा थकलेला आवाज आला, "अगं, डॉक्टर तुझ्या ओळखीचे आहेत ना? मग मला कसली काळजी!"