एक घर सोडून

बायको गेल्यावर महिन्याभरानं निवृत्त पोस्टमास्तर सेवा क्लबच्या साप्ताहिक सभेला आले. जिन्यात हशा ऐकू येत होता. ते शिरताच सगळे गप्प झाले. एकानं खुर्ची दिली, दुसऱ्यानं पाणी. रक्तदान शिबिराची चर्चासुद्धा दबक्या आवाजात चालली. एरवी त्यांची टर उडवणारा गॅरेजवाला तर नजरच मिळवेना. असली शांतता घरी काय कमी होती? "येतो मी," म्हणत मास्तर उठले. गॅरेजवाल्याला राहवलं नाही. "मास्तर, बटणं एक घर सोडून लावलीत. माझ्याकडे कोणी असे नट बसवले असते, तर हाकलला असता." मास्तरांनी शर्टाकडे पाहिलं. "आता सांगायला घरी कोणी नाही ना." गॅरेजवाल्यानं जवळ येऊन एकेक बटण नीट लावलं. "मी सांगत जाईन. पण हसणार." "हस की," म्हणत मास्तर परत बसले. "त्यासाठीच तर आलो."