बिनमाशाचं रक्त

“आये, तू मासे खातंस?”

काशीबाईंचा हात आडाळीवरच थांबला. खोबरं खोवायचं राहून गेलं. बोटीतून उतरून आलेल्या लेकीने अजून पायांवर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

“खुळावलंस काय गो? तुझो बापूस गेल्यापासून मी मासो खावक नाय.”

पण त्यांची मान खाली गेली, आणि आनंदीला काय ते कळलं.

साल बासष्ट. मुंबईच्या प्रयोगशाळेत आनंदी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासत होती, रोगाशी झुंजणाऱ्या. त्यांचं आवरण चरबीचं. माघातल्या पहाटे खोबरेल गोठतं, माशाचं तेल वाहतंच राहतं. मग मासे खाणाऱ्याच्या पेशीचं आवरणही जास्त मऊ असेल का? या प्रश्नाने तिला झपाटलं होतं. मासे खाणारे मालवणात पैशाला पासरी. तुलनेला हवं होतं त्यांच्याच घरातलं, त्याच चुलीवरचं जेवणारं, पण मासे न खाणारं माणूस. विधवा आईहून खात्रीचं कोण? दिवाळीत तिने आईचं रक्त बर्फात घालून नेलं. त्या पेशींत माशाची चरबी भरपूर निघाली. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, असं माणूस मिळत नसेल तर विषय सोड. आनंदी सोडणाऱ्यातली नव्हती.

“मी तुका ओरडूक नाय इलंय. पण खरा सांग. नायतर माझा सगळा काम फुकट.”

काशीबाईंची नजर दाराकडे गेली. दारात राधाकाकी उभी होती.

राधाकाकी म्हणजे आईची थोरली जाऊ, घरातला वचक. वडील गेले तेव्हा आईच्या पानातला मासा हिनेच उचलला होता. रीत म्हणजे रीत! आनंदीला त्या दिवसाचा राग अजून होता. ती आईच्या पुढे उभी राहिली.

“काकी, तिका काय बोलू नको. आजपासून ती सगळ्यांसमोर मासे खातली.”

“आणि तुझा काम?”

“न खाणारा माणूस शोधतलंय. कुडाळ, वेंगुर्ला, खंयपण जातलंय. पण काम सोडूचंय नाय.”

राधाकाकी आत आली, काशीबाईंच्या शेजारी बसली. चोळीची बाही वर सारून तिने हात पुढे केला.

“खंय शोधूक जातंस? माझा रगत घे. तुझो बापूस गेल्यापासून माझ्या वाटणीचो मासो हीच खाता.”