नव्वदवरून एकवीस

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात नीलाची उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर आली. अमेरिकेतल्या आमच्या राज्याचा नियम होता: सरकारी कॉलेजात शिरताना दिलेली परीक्षा मुलांनी पदवी घेताना पुन्हा द्यायची, मार्क वाढले, तरच आम्ही प्राध्यापक शिकवतो असं सरकार धरणार. चार वर्षांपूर्वी नीलाला नव्वद होते. आता तिने प्रश्न न वाचताच पेन्सिलीने उत्तरांचे गोल काळे करून त्यांतून ख्रिसमस ट्री काढला होता. मिळाले एकवीस. नीला डॅलसमधल्या माझ्या मित्राची मुलगी, वर्गात पहिली. "हे काय गं?" मी विचारलं. "काका, ह्या परीक्षेची ग्रेडच मिळत नाही. कोणी सीरियसली घेत नाही. माझं मेडिकल स्कूलचं रेकमेंडेशन झालं?" ते टाइपरायटरवर होतंच: ‘हिने चार वर्षांत थक्क करणारी प्रगती केली.’ सही करून तिला दिलं, मग त्याच मशीनवर राज्याचा फॉर्म चढवला: ‘मार्क घटल्यास शिकवण्यातल्या उणिवा लिहा.’