गुरुवारचं माप

"घशाचा व्यास किती म्हणालात?"

"बत्तीस मिलिमीटर. मागच्या गुरुवारीही बत्तीसच होता," बाई फोनवर म्हणाल्या. "कार्ब्युरेटर काही वाढत्या अंगाचा नसतो ना हो?"

दुकानदार हसला. रिकाम्या दुकानात ते हसू त्याचं त्यालाच मोठं वाटलं.

बाजारात त्याला 'नंबरवाले' म्हणत. जुन्या गाडीचा कुठलाही पार्ट हातात द्या, डोळे मिटून नंबर सांगायचा. पण नव्या गाड्यांना कार्ब्युरेटर नसतोच. हळूहळू गिऱ्हाईक आटलं. आता शटर उघडायचं, फळ्या पुसायच्या, शटर ओढायचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा रविवारी फोन करायचा. "बाबा, बरे आहात ना?" याला "हो" म्हटलं की बोलणं संपायचं.

पाच महिन्यांपूर्वी या बाईंचा फोन आला. जन्मभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. थोरले भाऊ गेले ते साठ वर्षांची गाडी मागे ठेवून. तिचा कार्ब्युरेटर पार कामातून गेलेला, आणि त्यावरची नंबराची चकती कधीच गळून पडलेली. नंबर नाही, तर मापांवरून ओळखायचा. बाईंनी घशाचा व्यास सांगितला, बोल्टांमधलं अंतर सांगितलं, चोक तारेने ओढायचा आहे म्हणाल्या. तिथेच त्याने ओळखलं. तोच कार्ब्युरेटर समोर तिसऱ्या फळीवर, तेलकट कागदात, कोरा करकरीत पडला होता.

"शोधावा लागेल," तो म्हणाला होता. असं का म्हणालो ते त्याचं त्यालाही उमगलं नाही. "पुढच्या गुरुवारी फोन करा. तोवर फ्लोटची उंची मोजून ठेवा."

तेव्हापासून दर गुरुवारी चारच्या सुमाराला तो धुतलेला शर्ट घालून बसायचा. फोनसाठी. एक माप दोन मिनिटांत सांगून व्हायचं. मग बाईंचे दादा निघायचे, त्याची बायको निघायची, शाळेतली टवाळ पोरं निघायची. पुन्हा सात दिवस कुणी नाही.

आज बोलता बोलता बाईंना खोकल्याची उबळ आली.

"ताप आहे का तुम्हाला?"

"होता. उतरतोय. थांबा, पट्टी घेते. बोल्टांचं अंतर परत मोजते. गुरुवार आहे ना."

पलीकडे काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. दुकानदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारी बाईला आपण गाडीत वाकायला लावतोय, ते कशासाठी, तर आपला अर्धा तास भरावा म्हणून.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "सापडलाय. तुमच्याच गाडीचा. बरं वाटलं की शनिवारी टोचन लावून गाडी आणा. मी बसवून देतो."

पलीकडे पट्टी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"असं," बाई म्हणाल्या. "सापडला म्हणता."

आवाजात आनंद नव्हता. तापामुळे असेल, त्याने स्वतःची समजूत घातली.

शनिवारी त्याने कार्ब्युरेटर कागदातून काढला, पुसला, पुन्हा गुंडाळला. पुडकं हातात धरून तो दारात उभा राहिला. वळणावर गाडी दिसली. पुढे ओढणारी जीप नव्हती. दोरीही नव्हती. गाडी आपल्या चाकांनी आली, दुकानासमोर थांबली आणि इंजिन ठोका न चुकवता चालत राहिलं. स्टिअरिंगवर बाई होत्या.

त्याने न विचारताच बॉनेट उचललं. आत नवा कार्ब्युरेटर होता. नंबराच्या चकतीसकट.

"हा कधी बसवलात?"

"दुसऱ्याच आठवड्यात. दादांच्या कपाटात निघाला."

हातातलं पुडकं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. "मग पाच महिने मापं कशाची घेत होतात?"

"जुन्याची," बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरात ठेवलाय, फोनशेजारी. गुरुवारी लागतो."