गाणारी ठिणगी

देवघरातला सासूबाईंचा खोकला एकाएकी थांबला, आणि यशोदा जास्तच घाबरली.

देवघराला आतून कडी होती. आत देवीचं गाणं वाजत होतं. "आई," तिने हळूच हाक मारली. दाराच्या फटीतून तोच वास येत होता. वीज कडाडून गेल्यावर येतो तसा, पण घशाला बोचणारा.

आत गाणारे यंत्र तिच्या नवऱ्याने, माधवने, केले होते, जुन्या टीव्हीतले सामान काढून. दोन खिळ्यांच्या टोकांमध्ये जांभळी ठिणगी सारखी जळत राही, आणि टेपरेकॉर्डर जोडला की ती ठिणगीच गाऊ लागे. भोंगा नाही, पडदा नाही, नुसता जाळ गातो! हिंगणघाटातली त्यांची सगळी गल्ली बघून गेली. शेजारचे बंडूजी म्हणाले, "माधवा, गिरणीनं तुले घरी बसवलं ते बरंच झालं गड्या. आता आमच्या चुलीलेही गाणं शिकव." माधव हसला.

गिरणी बंद पडल्यापासून तो हसला नव्हता. परसातल्या विहिरीच्या काठावर एकटाच बसून राही. यशोदा भांडी घासायची आणि नजर त्याच्यावर ठेवायची. त्याच्यासाठीच सासूबाईंनी, मंदाबाईंनी, यंदा नवरात्रात अखंड दिव्याचा नेम धरला होता.

घट बसले त्या सकाळी त्याच म्हणाल्या, "आन ते यंत्र आत. माह्या देवीपुढं वाजू दे." दिव्याला वारा लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली, दाराला आतून कडी. मंदाबाई दिव्याजवळून हलत नव्हत्या.

मग उदबत्तीच्या पुड्यावरचे रबर चिरा पडून तुटले. नवे लावले, तेही तुटले. यशोदाने तुटलेले तुकडे निरखून पाहिले. रबराचे हे होते, तर आईंच्या छातीचे काय होत असेल?

"आई, हा वास बरा नाही."

"देवी आल्याचा वास हाय तो. चूप राय."

तिने माधवच्या कानावर घातले. तो विचारात पडला. "ठिणगीनं हवा करपते खरी. तिचा बोचरा वायू होते. गिरणीत वेल्डिंगपाशी अशीच छाती भरून यायची." त्याचा चेहरा उतरला. त्याने देवघराच्या दारातून विचारले, "आई, बंद करू का?"

"खबरदार! माह्या देवीले आवडून राह्यलं ते." एवढे बोलायलाही मंदाबाईंना दम लागला होता. पण माधवचा चेहरा पुन्हा उजळला. आज सकाळी तो देवीच्या आणखी कॅसेटी आणायला हौसेने बाजारात गेला होता.

"आई!" यशोदाने दार वाजवले. गाणे चालूच होते. खिडकी उघडली तर दिवा जाईल. नवसाचा दिवा, माधवच्या नावाचा. तिच्या डोळ्यांपुढे विहीर आली. तिने पदर सावरून देवीला हात जोडले, आणि मग खांदा दारावर आपटला. पुन्हा आपटला. कडीचा खिळा निघाला.

मंदाबाई पाटावर एका कुशीला पडल्या होत्या. ओठ काळेनिळे झालेले. यशोदाने यंत्राचे बटण बंद केले आणि खिडकी सताड उघडली. वारा आत आला. दिवा फडफडला, आणि विझला. तिच्या तोंडून किंकाळी निघाली. तरी तिने सासूच्या काखांत हात घालून त्यांना दारापुढच्या ओट्यावर ओढत आणले.

काही क्षणांनी मंदाबाईंची छाती हलली. श्वास आला, शिटी वाजल्यासारखा. डोळे उघडले.

यशोदाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "आई, दिवा गेला. माझ्या हातून गेला. पण तो वास देवीचा नव्हता हो."

मंदाबाईंनी आधी फाटकाकडे पाहिले. माधव अजून आला नव्हता. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या,

"पहिल्याच दिवशी समजलं मले. पन पोट्टं इतक्या दिसानं हासलं व्हतं, त्याले बंद कर म्हणू कशी?"